नुसती गाठ

आमच्या प्रयोगशाळेत माझ्याइतकं नीटनेटकं रजिस्टर कुणाचंच नाही. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. बावीस वर्षं मी उंदरांच्या अवयवांचे काप काढतेय. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला तुकडा यंत्राला लावायचा, चाक फिरवायचं, की केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी पातळ चकती निघते. ती काचेवर चढवायची, रंगवायची आणि मॅडमच्या टेबलावर ठेवायची. हात जरा हलला की चकती फाटते. त्यामुळे हात स्थिर ठेवायची सवय मला लागली, तोंड स्थिर ठेवायची तेवढी लागली नाही, असं माझा नवरा म्हणतो.

हा सगळा घोळ झाला तो एका औषधाच्या तपासणीत. काही लोकांच्या तळपायांची आग होते, मुंग्या येतात, झोप म्हणून लागत नाही, त्यांच्यासाठी नसांचं औषध निघालं होतं. माणसांना द्यायच्या आधी ते दोन वर्षं उंदरांना पाजून बघायचं होतं. तळमजल्यावरच्या उंदीरखान्यात एकशे वीस पांढरे उंदीर आणले. निम्म्या पिंजऱ्यांना लाल पट्टी, निम्म्यांना पांढरी. पाण्याच्या बाटल्या दुसऱ्या विभागातून भरून, पट्टी लावून यायच्या. एका रंगाच्या बाटल्यांत औषध घातलेलं पाणी, दुसऱ्या रंगाच्या बाटल्यांत साधं पाणी. कुठल्यात काय, ते साहेबांच्या कपाटातल्या बंद पाकिटात लिहिलेलं. आम्हाला मुद्दामच सांगायचं नाही, नाहीतर आमची मनं एकीकडे झुकतात म्हणे. माझं मन कुठं झुकायला मोकळं होतं कुणास ठाऊक, पण नियम तो नियम.

उंदीर सांभाळायचे मामा. ते सगळ्यांचेच मामा. साहेब त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, तरी तेही मामाच म्हणतात. सव्वीस वर्षं ते त्या खोलीत आहेत. दर सोमवारी एकेक उंदीर हातात घ्यायचा, मानेपासून शेपटीपर्यंत बोट फिरवायचं आणि काय लागलं ते पिंजऱ्याच्या कार्डावर लिहायचं, ही त्यांची पद्धत. ती कार्डं महिन्याच्या शेवटी माझ्याकडे यायची आणि मी ती मोठ्या रजिस्टरात सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायची. एका अक्षराची खाडाखोड नाही. त्या रजिस्टराचा मला फार अभिमान होता.

दोन वर्षं संपत आली, उंदीर एकेक करून माझ्या टेबलावर यायला लागले, आणि एका सकाळी मॅडमनी मला हाक मारली. मॅडम म्हणजे काचेवरचा आजार ओळखणाऱ्या आमच्या डॉक्टर. सूक्ष्मदर्शकातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "इकडे या. हे बघा आणि मला वेड लागलंय का ते सांगा."

मी पाहिलं. पेशी कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारख्या ओळीत उभ्या, मध्ये मोकळी जागा, मग पुन्हा ओळ.

"नसेच्या आवरणाची गाठ आहे," मॅडम म्हणाल्या. "विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं ना, तसं नसेवर आवरण असतं. त्याचीच ही गाठ. उंदरात मी आजवर दोनदा पाहिली, तीही छातीत. इथे मांडीच्या नसेत सात निघाल्या. चार लाल पट्टीच्या, तीन पांढऱ्या."

"मग काय समजायचं?"

"तेच मला कळत नाहीये."

मॅडमना कळत नाहीये म्हटल्यावर मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खरा घोळ पुढेच होता. त्यांनी माझं रजिस्टर उघडलं. रजिस्टरात गाठीच्या रकान्यात एकोणीस उंदीर होते. काचेवर सातच. उरलेल्या बारा गाठी गेल्या कुठे? मॅडमनी काचा पुन्हा तपासल्या, मी ठोकळे पुन्हा मोजले. कशाचा कशाला मेळ बसेना. दोन दिवस आम्ही एकमेकींकडे अशा बघत होतो, जणू दुसरीनंच त्या गाठी पर्समध्ये घालून घरी नेल्यात.

तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेलेल्या उंदराची नस काढताना डावी कुठली आणि उजवी कुठली हे कळावं म्हणून मामा तिला धागा बांधतात. डावीला एक गाठ, उजवीला दोन. आणि तसं ते लिहूनही ठेवतात. झालं! रजिस्टरातल्या त्या बारा गाठी म्हणजे धाग्याच्या गाठी. मामांनी भलत्या ठिकाणी लिहिल्या असणार.

"मामांना विचारलंत?" मॅडमनी विचारलं.

"त्यांना काय विचारायचंय? हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मी म्हणाले, आणि लाल पेन घेऊन बाराच्या बारा नोंदींवर पट्टीनं सरळ रेघ मारली. मॅडमना इतकं हायसं वाटलं की त्यांनी मला त्यांच्या थर्मासमधला चहा दिला. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणतात, तो मी असा गाठला.

त्याच दुपारी मामा वर आले. मामा कधी वर येत नाहीत. माझ्या खोलीतल्या रसायनांच्या वासानं त्यांना गरगरतं. दारातच उभे राहिले. टोपी काढली, परत घातली.

"ताई, त्या गाठी म्हणे निघाल्या. कुठल्या पट्टीत?"

"तुम्हाला काय करायचंय, मामा?"

"तसं नाही. आपलं विचारलं."

"दोन्हींत. लाल चार, पांढऱ्या तीन. झालं समाधान?"

"चारच?"

"मग काय पोतंभर हव्या होत्या?"

ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो आणि विश्वास न बसलेल्या माणसाचाही. मामांच्या तोंडावर दोन्ही एकदम होतं. "बरं झालं, चारच," असं पुटपुटत ते जिन्यावरून भराभर उतरून गेले. हाच माणूस दीड वर्षापूर्वी पायांची आग होते म्हणून बूट काढून उंदीरखान्याच्या गार फरशीवर उभा राहायचा आणि जिना चढायचं नाव काढलं की कपाळाला हात लावायचा. मामींनी साखर बंद केल्याचा गुण, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

घरी जेवताना मी माझ्या हुशारीची कथा रंगवून सांगितली. नवरा नेहमीप्रमाणे "वा वा" म्हणाला आणि जेवत राहिला. सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्यांनी कानाशी हात नेला.

"कुणाची गाठ पडली?"

"पडली नाही हो, आई. उंदरांच्या गाठी. रजिस्टरात लिहिलेल्या."

"मारलेल्या की आलेल्या?"

"म्हणजे?"

"अगं, नुसती गाठ कशी असेल?" सासूबाई म्हणाल्या. "दोऱ्याला मारतात, माणसाची पडते, अंगाला येते. काय लिहिलं होतं त्या बाबानं?"

मी हातातला घास ताटात परत ठेवला. काय लिहिलं होतं? रजिस्टरातलं अक्षर माझं होतं. रकाना अरुंद, म्हणून मी त्यात फक्त 'गाठ १', 'गाठ २' एवढंच उतरवत आले होते. पुढचा शब्द मामांनी लिहिला असेल, तर तो मीच खाल्ला होता. दोन वर्षं, दर महिन्याला, सुवाच्य अक्षरात.

सकाळी कामावर गेले ती थेट उंदीरखान्यात. मामा पिंजरे पुसत होते. मी काही न बोलता जुन्या कार्डांचा गठ्ठा काढला आणि खोक्यावर बसून वाचायला लागले. मामांचं अक्षर उभं, लांब मानेचं. 'उजव्या गुडघ्यामागं गाठ लागली. खातो पितो बरा.' 'डावीकडं गाठ लागली, मागच्यापेक्षा मोठी.' 'आज गाठ पटकन लागली.' मग मी त्यांची दुसरी वही उघडली, नसा काढतानाची. 'डावी, एक गाठ मारली. उजवी, दोन मारल्या.' बाराच्या बारा ठिकाणी 'लागली' होतं. हाताला लागली. धाग्याचा काही संबंध नव्हता. ज्या माणसाला मी न विचारता चुकीचा ठरवला होता, त्यानं एकदाही घोटाळा केला नव्हता.

"मामा, चूक माझी आहे," मी म्हणाले. असं म्हणायची मला सवय नाही, त्यामुळे ते जरा भांडल्यासारखंच निघालं. "तुमच्या बारा गाठी मी खोडल्या. त्या धाग्याच्या आहेत असं वाटलं मला."

"ठाऊक आहे. मॅडमच्या शिपायानं सांगितलं. म्हणून तर वर आलो होतो काल."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही चारच म्हणालात." त्यांनी फडकं पिळलं. "वाटलं, माझंच बोट चुकलं असेल. बरं वाटलं."

"बरं कसलं वाटायचं त्यात? आणि लाल काय, पांढरी काय, औषध कुठल्यात आहे ते कुणालाच ठाऊक नाही."

"लालमध्ये आहे."

"कशावरून?"

"कडू लागतं," मामा म्हणाले.

खोलीत उंदरांचं पाणी पिणं ऐकू येत होतं, नळीतल्या गोळीचा टिक टिक आवाज. मला काही कळायच्या आत मी विचारलं, "कुणाला?"

ते बाटल्यांकडे वळले. एका बाटलीचं बूच नीटच होतं, ते पुन्हा नीट केलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दर सोमवारी बाटल्या बदलायच्या. उरलेलं पाणी मोजायचं, लिहायचं आणि मोरीत ओतायचं. औषध पायांच्या आगीवरचं आहे, हे इमारतीत सगळ्यांनाच माहीत होतं. मामांचे पाय चार वर्षं जळत होते. मामी त्यांच्या तळव्यांवर ओला टॉवेल टाकून झोपायच्या. एका सोमवारी त्यांनी दोन्ही रंगांचं पाणी जिभेवर टेकवून पाहिलं. एक कडू निघालं. त्या दिवसापासून ते कडू पाणी मोजून, बरोबर लिहून, मोरीऐवजी स्वतःच्या बाटलीत जायला लागलं. तीन आठवड्यांत पाय गार झाले. दीड वर्ष ते रोज पेलाभर पीत होते.

मला आधी राग आला. माझ्या नाकावर राग असतोच, पण हा वेगळा होता. त्या माणसाला धरून गदागदा हलवावं असं वाटलं. आणि तोंडातून निघालं काय, तर, "मामा, उंदरांचं उष्टं प्यायलात?"

"उष्टं नाही, ताई," ते गंभीरपणे म्हणाले. "बाटली वर असते, नळी खाली. आत काही जात नाही."

हसावं की रडावं ते मला कळेना. मी दोन्हीही केलं नाही. वर गेले आणि मॅडमना माझी चूक सांगितली. मामांचं सांगितलं नाही. तेवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडे मागितली होती, आणि द्यावी की देऊ नये हे ठरवण्याइतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

नस आम्ही नियमाप्रमाणे मांडीच्या मध्यावर कापत होतो. मामांचं बोट गुडघ्यामागं थांबलं होतं. तो भाग बरण्यांमध्ये तसाच पडून होता. तीन दिवस मी तेच काप काढत बसले. एरवी चकती काढताना मला गाणं म्हणायची सवय आहे, ते तीन दिवस तोंड बंद होतं. प्रत्येक काच मॅडमकडे नेताना मनात म्हणायचे, ही साधी निघू दे. आणि पेशी ओळीत उभ्या दिसायच्या. बारापैकी अकरा गाठी निघाल्या. बारावी, पांढऱ्या पट्टीतली, काही सापडली नाही.

"लाल चौदा, पांढऱ्या चार," मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "तुमची रेघ राहिली असती तर आपण हे औषध स्वच्छ आहे म्हणून पाठवलं असतं."

"म्हणजे औषधानंच आल्या?"

"लाल म्हणजे औषध असेल तर तसं दिसतंय. पण मग पांढऱ्यातल्या चार कुठून आल्या? दोन वर्षांचा उंदीर म्हणजे पिकलेला म्हातारा, गाठी यायच्याच. पण या जातीच्या? गुडघ्यामागेच? त्यांची जातच अशी असेल, खाण्यात काही असेल, की पिंजऱ्याच्या जाळीवर बसून बसून पाय घासत असतील? मला खरंच सांगता येत नाही."

"आणि माणसानं घेतलं तर?"

"उंदराचं माणसाला लागू पडतंच असं नाही. पडत नाही असंही नाही."

"मॅडम, हे काय उत्तर झालं?"

"हे उत्तर नाहीच," त्या म्हणाल्या आणि थकून खुर्चीला टेकल्या.

शुक्रवारी दुपारी मॅडम अहवाल घेऊन साहेबांकडे गेल्या. मी पातं पुसत होते. मामा आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. वासाचं त्यांनी काही मनावर घेतलं नाही.

"ताई, चौदा म्हणे."

"हो."

"एक काम होतं." ते उंच स्टुलावर बसले. "तेवढं माझ्या पायाला बघता का?"

"मी?"

"आजवर हजारो उंदीर तपासले असतील. स्वतःच्या पायाला हात लावायचं धाडस होत नाही. सोमवारपासून आंघोळीला साबणसुद्धा लावला नाही."

"मामींना सांगा."

"तिला सांगितलं, तर कशासाठी म्हणून विचारील. डॉक्टरकडे गेलो, तर तोही विचारील. उंदराचं औषध प्यायलो, असं कोणत्या तोंडानं सांगू? काही नसलंच तर उगाच बोभाटा. काही असलं, तर जातो मग."

"मामा, माझं बोट काचेवरचं. मला जिवंत अंगातलं काय कळणार?"

"हात हलत नाही ना तुमचा? पुष्कळ झालं."

त्यांनी पँट गुडघ्याच्या वर दुमडली. त्यांची पोटरी बारीक होती, केस पिकलेले. मी स्टुलासमोर खाली बसले. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"दाबू नका," ते म्हणाले. "शोधायलाही जाऊ नका. शोधायला गेलं की सगळीकडेच लागते. नुसतं फिरवा."

मी आधी डाव्या पायावर बोट फिरवलं. गरम होतं, मऊ होतं, मध्येच दोरीसारखं काहीतरी ताठ. ती शीर की नस की आणखी काही, मला कळेना. काचेवर मी हे सगळं झोपेतही ओळखते. तिथे प्रत्येक गोष्ट रंगवलेली असते, आपापल्या जागी असते. इथे सगळ्यावर एकच कातडं होतं. डाव्या पायाला मला काही विशेष लागलं नाही, किंवा सगळंच लागलं. माझ्या कपाळावर घाम आला.

मग उजवा. गुडघ्याच्या मागच्या खळग्यातून बोट खाली आणलं. पुढे गेलं. परत आलं. तिथे काहीतरी होतं. बोटानं ते जरा बाजूला सरकत होतं. शीरच असेल, मी मनाशी म्हणाले. वयानं शिरा गुंडाळतात. सासूबाईंच्या पायाला तर असलं कितीतरी आहे. डाव्या पायाला याच जागी काय होतं, ते आता आठवेना. मी ठरवलं की पुरती खात्री होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. खात्री झाली तरी आधी मॅडमशी बोलायचं, चांगल्या डॉक्टरचं नाव काढायचं आणि मग जपून, बेतानं सांगायचं.

मामा अजून खिडकीबाहेरच बघत होते. सोमवारी पिंजऱ्याशी उभं राहून कार्ड भरताना विचारावं, तितक्या सहज आवाजात त्यांनी विचारलं,

"केवढी?"

"मटाराएवढी," मी म्हणाले.

आहे का, असं त्यांनी विचारलंच नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा शब्द बाहेर पडून गेला होता. मी गडबडीनं बोलत सुटले, की मला काही कळत नाही, शीर असेल, चरबीची असेल, मॅडमनाच कळत नाहीये तिथे मला काय कळणार, दोन्ही पायांना सारखंच असेल. मामांनी मान हलवली आणि पँटची घडी शांतपणे उलगडत खाली आणली.

"असू दे," ते म्हणाले. "तुमचं बोट माघारी आलं ना, तेव्हाच समजलं मला."

त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. निम्मी भरलेली होती. "हे तेवढं तुम्ही ओता. मला नाही ओतवणार." मी ती मोरीत ओतली आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. ते माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"आता मामीला सांगायला हवं," ते म्हणाले. "तुम्ही चला बरोबर. सुरुवात कुठून करायची, ते मला काही सुचत नाही."

वाटेत ठरवू, असं मी म्हणाले. अर्ध्या तासाची वाट होती. त्यांचं घर आलं तरी आमचं काही ठरलं नव्हतं, आणि दार मामींनी उघडलं.